अकरावा सेल

माझे भाऊजी बावीस वर्षं रक्तपेढीची गाडी चालवत होते, आणि त्या बावीस वर्षांत त्यांनी ब्रेक दाबला नसेल तितक्या वेळा पेनाचं टोपण उघडलं असेल. गाडी कुठे उभी केली, किती वाजता, आतल्या फ्रिजचं तापमान किती, मागचा एसी कधी लावला, कधी बंद केला, सगळं वहीत. नर्सबाया त्यांना तोंडावर 'घड्याळकाका' म्हणायच्या, आणि ते रागवायचं सोडून मनगट वर करून खरंच वेळ सांगायचे. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा सात मिनिटं उशीर झाला होता. बसायच्या आधी त्यांनी आमच्या वडिलांना त्या सात मिनिटांचा जाब स्वतःहून दिला: फाटकाजवळ ट्रक अडकला, चार मिनिटं; मग पत्ता विचारण्यात तीन. मी चौदा वर्षांचा होतो. हा माणूस ताईला कंटाळा आणून मारणार, असं मी आईच्या कानात सांगितलं, आणि आईने माझा कान पिळला.

ताई काही मेली नाही. उलट तिला तो माणूस फार मानवला. कंटाळा यायचा तो मलाच. जेवायला गेलो की भाऊजी माझ्या धंद्याची चौकशी करणार, आणि उत्तर पूर्ण ऐकणार. अर्धवट सोडलेल्या डिप्लोमावर मी सोलर पॅनेल आणि बॅटऱ्यांचं दुकान टाकलं होतं. भाऊजी सगळीकडे माझी ओळख 'आमचे इंजिनियर' अशी करून द्यायचे. मी एकदाही ती दुरुस्त केली नाही.

रक्तपेढीने गाडीवर सोलर बसवायचं ठरवलं, ते काम मला मिळालं भाऊजींच्या शब्दावर. जुन्या गाडीत फ्रिज चालवायला जनरेटर होता. त्याच्या आवाजाने आणि धुराने रक्त द्यायला आलेली माणसं आधीच निम्मी गारद व्हायची. टपावर पॅनेल, बाकाखाली लिथियमची बॅटरी, आवाज नाही, धूर नाही. रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, त्यांना सगळे मॅडमच म्हणत, खमक्या होत्या. त्यांनी तीन जणांना विचारलं होतं. भाऊजी त्यांच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, आमच्या इंजिनियरचं काम मी बघितलंय. मी जबाबदार." बावीस वर्षांत त्यांनी कुणाची शिफारस केली नव्हती. मॅडमनी पुढे काही विचारलं नाही.

आता थोडं बॅटरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

ही बॅटरी म्हणजे एक अखंड डबा नसतो. आत सेल असतात, माझ्या डब्यात सोळा होते, प्रत्येक जाडजूड शब्दकोशाएवढा. मी त्यांच्यावर मार्करने एक ते सोळा आकडे घालतो. हे सोळा एकामागून एक तांब्याच्या पट्ट्यांनी जोडायचे. वर एक सर्किट बसतं, पहारेकऱ्यासारखं. सोळांतला एक जरी पार रिकामा व्हायला आला, तरी ते सगळ्यांचीच वीज तोडतं. उरलेले पंधरा अर्धे भरलेले असले तरी.

आणि या सेलचा स्वभाव मोठा लबाड. पाव भरलेला असो की पाऊण, मीटर लावा, आकडा जवळपास तोच. तीन पॉइंट तीन व्होल्ट, एखादा शतांश इकडे-तिकडे. खरा फरक उघडा पडतो तो अगदी भरत आल्यावर, किंवा अगदी संपत आल्यावर. म्हणून नवीन सेल आले की जोडण्याआधी ते सगळे शेजारी मांडायचे, प्लसला प्लस, मायनसला मायनस अशा पट्ट्या लावायच्या, आणि सगळ्यांना एकत्र, सावकाश, काठोकाठ भरायचं. मग सगळे एका रेषेत येतात. याला आम्ही बॅलन्सिंग म्हणतो. माझ्या छोट्या चार्जरवर सोळा मोठ्या सेलना सहा दिवस लागतात. त्या सहा दिवसांत करायचं काहीच नसतं. टेबल अडकून पडतं आणि माणसाला थांबावं लागतं. थांबणं मला जन्मात जमलेलं नाही.

गाडी सोमवारी द्यायची होती, सेल आले गुरुवारी. मॅडमना एक फोन करून आठवडाभर मागून घेतला असता तर त्यांनी दिला असता. पण सोमवारी म्हणजे सोमवारी, असं मी छाती फुगवून सांगून बसलो होतो. त्यात एका सेलचा कोपरा वाटेत चेपलेला. तो मी बाजूला काढला, आणि कपाटात वर्षभर पडून असलेला एक उचलून त्याच्या जागी लावला. अकरा नंबरला. मीटर घेतला. तीन पॉइंट तीस, तीस, एकोणतीस, तीस... अकरावा सव्वीस. चार शतांश. मधल्या टप्प्यात चार शतांश म्हणजे तो सेल इतरांपेक्षा किती रिकामा असू शकतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. मी मीटर बंद केला आणि स्वतःशी म्हणालो, चालतंय.

सोमवारी सकाळी रक्तपेढीच्या आवारात सगळे जमले. भाऊजी वही घेऊन माझ्या शेजारी. सेलसोबत आलेलं माहितीपत्रक त्यांनी माझ्या दुकानातून नेलं होतं आणि डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं. त्यांनी विचारलं, "अरे, यात लिहिलंय, आधी सगळे सेल एकत्र भरून घ्या म्हणून. ते केलंस ना?"

पाच-सहा नर्सबाया होत्या, मॅडम होत्या. मला वाटलं, हा माणूस आता सगळ्यांसमोर माझी परीक्षा घेणार.

"भाऊजी," मी म्हणालो, "तुम्ही स्टेअरिंग सांभाळा, सेल मी सांभाळतो."

सगळे हसले. भाऊजीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. मग टोपण काढून त्यांनी लिहिलं: 'बॅटरी तपासली. सर्व सेल समान. इंजिनियरनी सांगितले.' तारीख, वेळ.

पहिली दोन शिबिरं जवळची होती, दोन-तीन तासांची. सगळं झकास झालं. तिसरं शहराबाहेरच्या खोके बनवणाऱ्या कारखान्यात, दिवसभराचं. आभाळ भरलेलं होतं, आणि माणसांना उकडू नये म्हणून भाऊजींनी गाडी झाडाच्या सावलीत लावलेली. पॅनेलना दिवसभर ऊन असं मिळालंच नाही. दीडपर्यंत फ्रिजमध्ये रक्ताच्या एकेचाळीस पिशव्या जमल्या. मग रक्त देऊन उठलेली एक कामगार बाई चक्कर येऊन पडली. डॉक्टरनी तिला तपासलं, घरी सोडायला सांगितलं. पुढची पाळी चारनंतर रक्त द्यायला येणार होती, तोवर बाकीचे आत शेडमध्ये कागदपत्रांच्या कामात, म्हणून भाऊजी कारखान्याची जीप घेऊन गेले. तिची मुलगी शाळेतून येईपर्यंत त्यांचा पाय निघाला नाही. चार वाजून पाच मिनिटांनी परत आले तेव्हा फ्रिजचा दिवा विझलेला होता. आतलं तापमान चौदा. रक्त सहाच्या आत ठेवायचं असतं, दहाच्या वर गेलं की ते कुणाला देता येत नाही. एकेचाळीस माणसांचं रक्त गेलं.

मी पोचलो तेव्हा मॅडम येऊन उभ्या होत्या. दोन नर्सबाया पिवळ्या पोत्यांत पिशव्या मोजून टाकत होत्या. मोजणीचा आवाज तेवढा येत होता. मी बाकाखाली वाकलो, मोबाइल बॅटरीला जोडला. पंधरा सेल, तीन पॉइंट अठ्ठावीस. अकरावा, दोन पॉइंट चौऱ्याहत्तर. खाली सर्किटची नोंद: अकरावा सेल रिकामा, एक बावन्नला वीज तोडली. सवयीने मी पडद्याचा फोटो घेतला. कामाच्या ठिकाणी मी नेहमी घेतो.

"काय झालं?" मॅडमनी वरून विचारलं.

मी उठून उभा राहिलो. भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता, की आता आमचे इंजिनियर आले, आता कळेल.

"बॅटरी ठीक आहे, मॅडम," मी म्हणालो. "हे बघा, अजून चोपन्न टक्के दाखवतेय. एकदम मोठा भार आला की तिला झटका बसतो, आणि ती स्वतःला बंद करून घेते. एसी वगैरे चालू राहिला असेल."

'वगैरे' मी भीतभीत जोडलं होतं. पण गाडीत दुसरा मोठा भार नव्हताच. आणि एसीचं बटण एकाच माणसाच्या हाताशी होतं, ड्रायव्हरच्या. ते तिथे मीच बसवलं होतं. कुणाचं नाव येणार हे मला बोलायच्या आधी माहीत होतं की नाही, यावर मी खूप विचार केला आहे. माहीत होतं.

भाऊजींनी वही उघडली. "बारा-दहाला बंद केलाय मी. हे इथे आहे." मग वही तशीच धरून ते माझ्याकडे वळले. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. "केला होता ना मी बंद?"

ते बटण वीज गेली की आपोआप बंदवर येतं. त्यामुळे ते चालू होतं की नव्हतं, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. फक्त ती वही आणि मी.

"लिहायचं लिहिलं असेल, भाऊजी," मी म्हणालो. "गडबडीत होतं असं."

ते पानाकडे बघत राहिले. त्यांचंच अक्षर, पण दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं तसं.

"असेल," ते म्हणाले. "त्या बाई... नाही, त्या तर नंतर पडल्या. पण असेल. लिहिलं आणि बंद करायचं राहिलं. असेल."

मॅडम त्यांना काही बोलल्या नाहीत. तेच जास्त झोंबलं असणार. भाऊजींनी ती पिवळी पोती स्वतः उचलून नेली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला: माझ्या निष्काळजीपणामुळे एकेचाळीस पिशव्या वाया गेल्या, मला गाडीवरून काढावे. मॅडमनी शेरा मारून तो मान्य केला आणि त्यांना इस्पितळाच्या धुलाई विभागात पाठवलं. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस खिडकीशी बसून चादरी मोजू लागला.

आणि मी काय केलं? मी तपासणीच्या नावाखाली बॅटरी दुकानात आणली, सोळा सेल सुटे केले, आणि नीट, पुस्तकात लिहिलंय तसं, सहा दिवस भरले. सहाही दिवस टेबलापासून हललो नाही. त्याला मी प्रायश्चित्त समजत होतो, असा मी शहाणा. बॅटरी परत बसवली आणि ती दृष्ट लागावी अशी चालायला लागली. नव्या ड्रायव्हरने दहा-दहा तासांची शिबिरं केली, फ्रिज चारवरून हलला नाही. एकदा मॅडम मला म्हणाल्या, "बॅटरी चांगली आहे हो तुमची. माणूसच चुकला." म्हणजे जे काम मी आधी करायला हवं होतं, ते नंतर करून मी भाऊजींचा गुन्हा पक्का करून टाकला होता. मी म्हणालो, "हं."

हा 'हं' मला अजून खातो.

मी ताईकडे जाणं कमी केलं. गेलो की भाऊजी पूर्वीपेक्षा जास्त मायेने वागायचे. एकदा मला दारापर्यंत सोडायला आले आणि खाली बघत म्हणाले, "माझ्यामुळे तुझ्या कामावर डाग आला रे. तुला खाली बघायला लावलं मी." मी म्हणालो, "सोडा हो, भाऊजी." माफ केल्यासारखं! त्या क्षणी धरणीने मला पोटात घ्यायला हवं होतं. पण तिलाही असल्या माणसाची किळस आली असावी.

घरात त्यांचं वेगळंच चाललं होतं. कुलूप लावून जिना उतरायचे, पुन्हा वर जाऊन ओढून बघायचे. रक्तदाबाची गोळी घेतली की वहीत लिहायचे, सवय सुटली नव्हती, आणि मग ताईला विचारायचे, "मी गोळी घेतली का गं?"

"वहीत लिहिलंय की," ताई म्हणायची.

"लिहिलंय गं. पण घेतली का?"

ताई हे मला हसत सांगायला लागली आणि मधेच थांबली.

असे आठ महिने गेले. आठ महिन्यांत मी खूप वेळा ठरवलं, की या रविवारी सांगून टाकू. ठरवण्यात मी पटाईत आहे. मग एका दुपारी ताई दुकानात आली. ती दुकानात कधी येत नाही, तिला त्या वायरींची भीती वाटते. स्टुलावर बसली, पर्स मांडीवर धरून.

"हे रविवारी सकाळी कुठे जातात, माहितीये तुला?"

"फिरायला?"

"मलाही फिरायलाच वाटायचं. काल पायताणाला एवढा चिखल, म्हणून विचारलं." तिने श्वास घेतला. "त्या लोकांच्या घरी जातात. त्या एकेचाळीस. कारखान्यातल्या ज्या बाईंनी शिबिर भरवलं होतं ना, त्यांच्याकडून यादी आणलीय. दार वाजवायचं आणि सांगायचं, तुम्ही दिलेलं रक्त माझ्या चुकीने वाया गेलं, माफ करा. एकोणतीस घरं झाली."

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला.

"एकाने तोंडावर दार आपटलं," ताई म्हणाली. "एक म्हातारे गृहस्थ अर्धा तास वाट्टेल तसं बोलले, हे उभे राहून ऐकून आले. एक पोरगा म्हणाला, काका, कुठलं रक्त, मला तर आठवतही नाही." ती थोडं हसली आणि मग तिचे डोळे भरले. "परवा जिन्यावर धाप लागून खाली बसले होते. अजून बारा घरं राहिलीत म्हणतात. तू समजाव ना त्यांना. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात."

तुझं ऐकतात. बहिणीने भावाला एवढ्या विश्वासाने सांगितलेलं वाक्य, आणि मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. ऐकतात म्हणूनच तर हे सगळं झालं.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघालो.

भाऊजी नुकतेच कामावरून आले होते. ताई चहाचं आधण ठेवायला आत गेली. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, बसलो असतो तर जमलं नसतं. सगळं सांगितलं. चेपलेला सेल, कपाटातला सेल, चार शतांश, न केलेले सहा दिवस. एसीचं मी तेव्हा रचून सांगितलं होतं, तेही. त्याचा आणि बॅटरी बंद पडण्याचा काडीचा संबंध नव्हता.

भाऊजींनी शांतपणे ऐकलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हिने तुला पाठवलंय ना?" ते म्हणाले. "तिला वाटतं मी झुरतोय. अरे, माझ्यासाठी तू कशाला अंगावर घेतोस? धंदा आहे तुझा. बाहेर कळलं तर कोण काम देईल?" आणि आतल्या बाजूला वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

खरं तेच सांगायचं, तर मला तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं होतं, त्यांना पटलं नव्हतं, माझं काम झालं. एवढा हलका विचार माझ्या डोक्यात आला, हे लिहिताना मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

ताई दारात उभी होती. तिने मला ओळखलं होतं. लहानपणी फुलदाणी कुणी फोडली हे तिला माझ्या मानेवरून कळायचं. ती म्हणाली, "अहो, तो खोटं बोलत नाहीये."

मी मोबाइल काढला. तो फोटो मी आठ महिने पुसला नव्हता, आणि कुणाला दाखवलाही नव्हता. भाऊजींनी चष्मा लावला. सोळा आकडे त्यांनी एकेक करून, बोट ठेवून वाचले. अकराव्यावर बोट थांबलं. मग खालची ओळ. मग कोपऱ्यातली वेळ.

"एक बावन्नला वीज गेली. अकरावा सेल." ते म्हणाले. "आणि हा फोटो पाच बावीसचा."

"हो."

"मी तेव्हा शेजारी उभा होतो."

"हो."

"पाच बावीसला तुला कळलं होतं. आणि मग मॅडमनी विचारलं."

"हो, भाऊजी."

आत आधण उतू गेलं, ताई बंद करायला गेली नाही. मग भाऊजी म्हणाले, "म्हणजे एसी मी बंद केला होता."

"हो."

"बारा-दहाला."

"बारा-दहाला."

त्यांनी चष्मा काढला आणि तळहाताने डोळे दाबून धरले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते तसेच बसून एवढंच परत परत म्हणत होते, बंद केला होता मी, बंद केला होता. मी त्यांच्या पायांशी बसायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही. त्यांना मी जवळ नको होतो, एवढंच.

ताईने मला बाहेर नेलं. जिन्यात म्हणाली, "मॅडम सहापर्यंत असतात. आत्ता जा." तिने मला शिवी दिली नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. अजून नीट बघत नाही.

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं, फोटो मागून घेतला. त्यांनी एकच विचारलं, "आठ महिने?" मी मान हलवली. "बाहेर थांबा," त्या म्हणाल्या, आणि अर्ध्या तासाने कारकुनाने येऊन मला जायला सांगितलं. गाडीचं काम माझ्याकडून गेलं, ते जाणारच होतं. भाऊजींच्या अर्जावरचा शेरा त्यांनी खोडून खाली सही केली आणि त्यांना गाडीवर परत बोलावलं. भाऊजींनी अजून हो म्हटलेलं नाही. ताई सांगते, विचार करतो म्हणाले.

तीन दिवसांनी दुकानाच्या दाराखालून आत सरकवलेलं एक पाकीट मिळालं. आत यादी होती. एकेचाळीस नावं, पत्ते, आणि प्रत्येकापुढे भाऊजींच्या अक्षरात: सकाळी नऊनंतर भेटतात, कुत्रा आहे, दुसरी पाळी, दुपारी जावे. एकोणतिसांपुढे बरोबरची खूण. बाकी एक शब्द नाही. चिठ्ठी नाही.

शेवटच्या बारा घरी जाणं सोपं गेलं. त्या लोकांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, कुणी चिडलं, कुणी दार लावून घेतलं. पण खूण केलेल्या एकोणतीस घरांतही जायला हवं होतं. तिथे एक निर्दोष माणूस माफी मागून आला होता, आणि चूक त्याच्या नावावर तशीच राहिली होती.

त्यातलं पहिलं घर एका शिंप्याचं. कारखान्यात गणवेश शिवून देतो म्हणून तोही त्या दिवशी रक्त द्यायला गेला होता. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या. मी सांगायला लागलो तेव्हा त्याने टाचण्या काढून हातात घेतल्या.

"पण ते गृहस्थ येऊन गेले ना," तो म्हणाला. "मी चहाला थांबा म्हटलं, थांबले नाहीत. उभ्यानेच हात जोडून गेले. चूक त्यांची नव्हती, म्हणता?"

"नव्हती. माझी होती."

"मग ते कशाला आले माफी मागायला?"

"त्यांना वाटत होतं, त्यांची आहे."

"असं कसं वाटेल? आपण केलं की नाही, हे माणसाला कळत नाही होय?"

"कळत होतं," मी म्हणालो. "त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. मी त्यांना सांगितलं, की तुम्ही चुकलात."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"हो."

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मी त्यांच्या बायकोचा भाऊ," मी म्हणालो, आणि तो आणखी काही विचारेल म्हणून उभा राहिलो. पण त्याने टाचण्या परत तोंडात धरल्या आणि तो आत वळला.